फोटो माझा, दुकान भलत्याचंच

श्रोतेहो, नमस्कार.

"अगं, तू ऑनलाइन विकायला कधीपासून लागलीस?" असा मेसेज येतो. सोबतच्या लिंकवर आपणच विणलेली क्रोशाची बाहुली असते. मागचा पडदाही आपलाच. फक्त दुकान भलत्याचं.

अशा वेळी तिथल्या तिथे चार शब्द सुनावावेसे वाटतात. पण जरा दम धरा. समोरच्याला कुणकुण लागली की पान गायब होतं, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? आधी पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. जमलं तर ते पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर साठवा. ती नोंद तुमच्या हातची नसते, म्हणूनच तिला वजन असतं. मग तोच फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय अशा फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साधनांवर टाकून बघा, आणखी कुठे फिरतोय ते.

आता फोटो आपला आहे, हे दाखवायचं कसं? मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ अशी माहिती असते. समाजमाध्यमांवर फोटो चढवताना ती बहुधा पुसली जाते, त्यामुळे उचलणाऱ्याच्या हाती लहान केलेली, कापलेली प्रतच पडते. मी तर म्हणेन, त्याच बैठकीत काढलेले हललेले, बोट मध्ये आलेले फसके फोटोही जपून ठेवा. चांगला फोटो कुणीही पळवेल, पण हे फसके फोटो त्याच्याकडे कुठून येणार?

"नेटवर होता, म्हणून घेतला," हे उत्तर हमखास मिळतं. कॉपीराइटबद्दलच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात 1908 साली सुधारणा झाली, तेव्हापासून लेखकाच्या किंवा कलाकाराच्या हक्कासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. फोटोवर 'सर्व हक्क राखीव' लिहिलं नसलं, तरी हक्क जात नाही. मात्र एक गंमत ऐका. बाहुली तुम्ही केली आणि फोटो भाच्याने काढला, तर त्या फोटोचा हक्क साधारणपणे भाच्याचा, बरं का! तक्रारीआधी त्याच्याकडून लेखी घेऊन ठेवा. आणि तुमचे टाके बघून कुणी स्वतःची बाहुली विणली, स्वतःच फोटो काढला, तर तो विषय वेगळा. विणण्याची पद्धत कुणाच्या मालकीची नसते.

दुसरी सबब म्हणजे, "खाली नाव दिलंय ना!" नाव देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. बर्न करारातही आपलं नाव लागण्याचा हक्क 1928 मध्ये स्वतंत्र कलमाने आला. प्रत काढू देण्याचा हक्क वेगळ्या कलमात आहे. तरीही कौतुकाने कुणी फोटो लावला असेल, तर आधी साधं पत्र लिहावं, असं माझं मत. बऱ्याचदा माणसं ओशाळून फोटो काढून टाकतात किंवा रीतसर विचारतात.

विकणाऱ्याशी मात्र हुज्जत घालू नका. सरळ त्या संकेतस्थळाकडे कॉपीराइटची तक्रार करा. मोठी संकेतस्थळं बहुतेक अमेरिकेतल्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अर्ज घेतात. त्यात तुमचा मूळ फोटो, उचललेल्या फोटोची लिंक, तुमचा संपर्क आणि सही लागते. तुमचं नाव समोरच्यापर्यंत पोहोचू शकतं, हे धरून चाला. फोटो उतरवल्यावर त्याने 'तक्रार चुकीची आहे' अशी उलट नोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर साधारण 10 ते 14 कामाच्या दिवसांत फोटो परत लागू शकतो.

या प्रकारात गिऱ्हाईकही फसतं. फोटो बघून पैसे भरतं, हाती येतं काहीतरी भलतंच, आणि शिव्या खायच्या तुम्ही! कोपऱ्यातली नावाची मोहोर कापता येते, आणि मधोमध ठोकली तर कामच दिसत नाही. त्यापेक्षा तुमच्या वस्तू कुठे मिळतात आणि कुठे मिळत नाहीत, ते स्वतःच्या पानावर सगळ्यात वर लिहून टाका. नमस्कार.