जर्सी ते वुर्त्साख

दर वर्षी ९ मे रोजी, इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाच्या मुक्तिदिनी, बेटाची राजधानी सेंट हेलियर येथील बंदरासमोरचा हा चौक असाच माणसांनी भरून जातो. समोर दिसते ते पॉम द'ऑर हॉटेल. १ जुलै १९४० पासून जर्सी बेटावर जर्मनांचा अंमल होता. त्या काळात त्यांच्या आरमाराचे कार्यालय या इमारतीत होते आणि १९४५ मध्ये मुक्तीच्या दिवशी ब्रिटिश ध्वज फडकला तोही येथूनच. आज तोच प्रसंग पुन्हा साकारला जात आहे.

बंदराजवळच्या संग्रहालयात टांगलेले हे भरतकाम मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षासाठी बेटावरील बाराही पॅरिशमधील (प्रशासकीय विभागांतील) रहिवाशांनी मिळून केले. प्रत्येक पॅरिशने एक पट उचलला, म्हणजे एकाच आठवणीवर बारा ठिकाणचे हात फिरले. लोकरीचे हे टाके जवळून पाहावेत, इतके ते बारीक आहेत.

आमचे लक्ष मात्र सप्टेंबर १९४२ कडे वळते. ब्रिटिशांनी इराणमधील जर्मन नागरिकांना ताब्यात घेतले होते. त्याचा सूड म्हणून हिटलरने जर्सीसह इंग्लिश खाडीतील बेटांवरच्या ब्रिटिश रहिवाशांना जर्मनीत नेण्याचा हुकूम दिला होता, आणि जर्सीच्या वर्तमानपत्रात १५ सप्टेंबरला त्याची सूचना छापून आली. सोबत काय घ्यावे, तेही सूचनेत होते: उबदार कपडे, मजबूत बूट, थोडी शिधासामग्री, जेवणाची भांडी, पाणी पिण्याचा वाडगा आणि जमल्यास एक घोंगडी, सामान स्वतःला उचलता येईल एवढेच. पहिले जहाज दुसऱ्याच दिवशी सुटले. सर्व बेटांवरून मिळून सुमारे २,२०० माणसे गेली. जर्सीची बहुतेक कुटुंबे आधी बिबेराखला आणि तेथून दक्षिण जर्मनीतील वुर्त्साखच्या वाड्यात पोहोचली.

हा त्या वाड्याचा जिना. अठराव्या शतकातील ही बरोक बांधणी पाहायला पर्यटक आज आवर्जून येतात. सहाशेहून अधिक जर्सीकर मात्र येथे अडीच वर्षे कोंडलेले होते. बारा जण येथेच वारले.

२००२ मध्ये सेंट हेलियर आणि बाड वुर्त्साख (वुर्त्साखचे आजचे नाव) यांनी मैत्रीचा करार केला. सत्तावन्न वर्षांनी झालेल्या या कराराला कोणी उशीर म्हणेल. कोंडल्या गेलेल्यांपैकी काही जण तो पाहायला हयात होते, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

बेटावर बोगदे खोदायला युरोपभरातून आणलेल्या वेठबिगारांचे स्मारक वेस्टमाउंटला आहे. तेथेही याच दिवशी फुले वाहिली जातात.

चौकात ध्वज वर चढतो आहे. वुर्त्साखच्या वाड्यातील जर्सीकरांना फ्रेंच सैन्याने सोडवले ते २८ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे त्यांच्या बेटाच्या अकरा दिवस आधी.