मेडलची कड वाचा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'निवृत्त फौजी वडिलांचं चरित्र घरच्यांनी कसं लिहावं'. वडिलांकडे येतोच, आधी मेडलं. माझा राग आहे तो त्यांना ब्रासो पॉलिश लावणाऱ्यांवर.

तेराव्याच्या आत घरातला एखादा उत्साही पुतण्या ट्रंक उघडतो, मेडलं घासघासून चकचकीत करतो आणि फोटोला लटकवतो. पण मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव असतं. स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल असेल तर मागच्या बाजूला. दर घासणीला ते थोडं थोडं पुसलं जातं. कोरडं मऊ फडकं पुरे. भिंग घ्या, मेडल उजेडात तिरकं धरा आणि कड फिरवत वाचा.

एकाच माणसाच्या दोन मेडलांवर दोन नंबर दिसले तर घाबरू नका. शिपाई म्हणून भरती झाल्यावरचा नंबर वेगळा. नायब सुभेदार झाला की 'जेसी'नं (ज्युनिअर कमिशन्ड) सुरू होणारा नवा नंबर मिळतो. 'आयसी' असेल तर कमिशन मिळालेला अधिकारी. गाव ज्यांना कॅप्टनसाहेब म्हणतं त्यांचा नंबर जेसी निघाला, तर ते बहुधा ऑनररी, म्हणजे मानद कॅप्टन. हा मान 26 जानेवारीला नाहीतर 15 ऑगस्टला जाहीर होतो. यात कमीपणा कसला? शिपायापासून तिथवर चढण्यात अख्खी नोकरी जाते.

शोकसभेत हमखास ऐकू येतं, एकाहत्तरला साहेब ढाक्याला होते. फोटोत छातीवर मात्र पश्चिमी स्टार! पूर्वेच्या आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीला पश्चिमी. नुसतं संग्राम मेडल असेल तर 1971 मध्ये फौजेत होते, एवढंच लिहा. 1965 चंही तेच: लढाईच्या क्षेत्रातल्यांना समर सेवा स्टार, रक्षा मेडल त्याबाहेरच्यांनाही. (मागच्या रांगेत कुणीतरी नाराज दिसतंय. घरी जाऊन बघा, मग भांडायला या.)

आपल्या सीमाभागाची आणखी एक गंमत. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेल्या चंदगडच्या जुन्या फौजीच्या कागदावर जिल्हा बेळगाव दिसला तर चूक समजून खोडू नका. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. आणि मुलांच्या जन्मतारखा? फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात एक, शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लावलेली 1 जून. मूल जन्मलं की फौजी पलटणीत कळवायचा आणि त्याची अधिकृत नोंद, म्हणजे पार्ट टू ऑर्डर निघायची. म्हणून चरित्रात डिस्चार्ज बुकातली तारीख आधी तपासा. नावाच्या स्पेलिंगचीही हीच गत. ते पीपीओशी (पेन्शनच्या आदेशाशी) जुळलं नाही की आईचं फॅमिली पेन्शन अडकतं, मग खेटे घाला.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवलीय. पाच मिनिटं. बरं, वडील.

हा माणूस वर्षाचे नऊ-दहा महिने घरी नसायचा. त्याचं बापपण आंतरदेशीय पत्रांत सापडतं, आणि त्याहून जास्त मनीऑर्डरच्या कुपनात. दोन-चार ओळींची जागा. त्यात फी भरा, म्हशीचं बघा, धाकटीला चष्मा करा. पत्त्यातल्या '56 एपीओ' या फौजी टपालाच्या पत्त्यावरून ठिकाण कळत नाही, म्हणून शिक्क्यातला एफपीओ (फील्ड पोस्ट ऑफिस) नंबर आणि तारीख टिपा. कागदावर तीन रकाने पाडा: कुपनांच्या तारखा, त्या वर्षी कोणतं मूल कितवीत होतं ते, आणि मेडलं. स्टारच्या सालीही जूनमधली फी वेळेवर आली होती का, हे तिथं दिसतं. शिस्तप्रिय आणि प्रेमळ ही दोन विशेषणं मग लिहावी लागत नाहीत.

लॅमिनेशन नको. सेलोटेप नको. खानापूरकडच्या पावसात ट्रंक जमिनीला टेकवू नका. आंतरदेशीयाचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा आणि घड्याही उलगडून बघा; जागा संपली की मुलांसाठीची ओळ कडेला आडवी लिहिलेली असते. बाकी प्रश्नोत्तरांत.