पाटीवरची बाग

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळी जागा होती. कोपऱ्यात लोखंडी पाटी, 'उद्यानासाठी आरक्षित'. पाटीवरचा 'उ' गंजून गेला होता, म्हणून पोरं त्या जागेला 'द्यान'च म्हणायची. 'आई, आम्ही द्यानात आहोत!' तिथे एक बोरीचं झाड होतं. थंडीत त्याखाली वाटाण्याएवढी आंबट बोरं पडायची. एके दिवशी जागेभोवती पत्रे लागले. चौकशी केली तेव्हा कळलं, आरक्षण व्यपगत झालं.

व्यपगत. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आपल्या राज्याच्या 1966 च्या नगररचना कायद्यात 127 वं कलम आहे. कुठली जागा कशासाठी हे ठरवणारा शहराचा विकास आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर जमीनमालक 'माझी जागा खरेदी करा' अशी नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत पालिकेने जागा घेतली नाही, संपादनाची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण उठतं, म्हणजेच व्यपगत होतं. यात मालकाला मी दोष देणार नाही. कुणाची जमीन वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची आणि मोबदला द्यायचा नाही, हा अन्यायच आहे. चुकतं ते पैसे वेळेवर बाजूला न ठेवण्यात.

आणि पैसे थोडेथोडके लागत नाहीत. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. म्हणून पालिका टीडीआर देऊ करतात, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क. पुण्याच्या टेकड्यांचं उदाहरण घ्या. 1997 मध्ये पालिकेत आलेल्या 23 गावांमधल्या सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण आहे. 2015 मध्ये राज्य सरकारने त्यासाठी 8 टक्के टीडीआर ठरवला. शंभर चौरस मीटर जमीन द्या, आठ चौरस मीटर बांधकामाचा हक्क घ्या. कित्येक मालकांना तो पटला नाही. टेकडी नकाशावर हिरवी राहिली, पण पालिकेच्या ताब्यात यायची ती पूर्ण आली नाही.

त्याच पुण्यात पहाटे टेकडीवर जाऊन बघा. पाण्याच्या बाटल्या घेऊन चढणारी माणसं दिसतील. सत्तरीच्या एक आजी मला वाटेत भेटल्या. दोन्ही हातांत दोन-दोन लिटरचे कॅन. कडुनिंबाच्या रोपाच्या बुंध्याशी दगडांचं आळं केलेलं, त्यात त्या हळूहळू पाणी ओतत होत्या. 'जोरात ओतलं की माती वाहून जाते,' म्हणाल्या. माणसं आपल्या गुडघ्यांच्या जोरावर टेकडी जपताहेत. पालिकेने निदान जमिनीचे पैसे तरी उभे करावेत!

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं ही नगरपालिकांची कामं म्हणून लिहिलेली आहेत. तेव्हा हे आपण उपकार म्हणून मागत नाही. माझं मागणं एकच आहे: बागांच्या जमिनीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं हवं, आणि त्यातला पैसा वर्षअखेरीस वर्गीकरण करून रस्त्यांकडे किंवा कारंज्यांकडे वळवता येऊ नये. कारंजं पुढच्या वर्षी बांधता येतं. बोरीच्या झाडाजागी बारा मजले उभे राहिले, की ती जागा गेली.

आयुक्त अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे मांडतात. त्याआधी दिवाळीच्या सुमारास आपल्या नगरसेवकाला भेटा. 'बाग हवी' एवढंच सांगून थांबू नका. विकास आराखड्यात तुमच्या वॉर्डातली आरक्षणं शोधा, सर्व्हे नंबर लिहून घ्या, दहा वर्षं कधी भरतात ते विचारा, आणि मालकाने नोटीस दिली आहे का तेही विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या वॉर्डात अशा अजून दोन पाट्या आहेत. त्यांचे सर्व्हे नंबर मी वहीत उतरवून घेतलेत.

नमस्कार.