बारा थ्रेड, पण द्यायचे किती?

(दृश्य: पाण्याच्या रेणूंमध्ये थरथरणारं प्रथिन, संगणकावरचं चित्रण)

प्रथिनाची ही थरथर गणितानं टप्प्याटप्प्यानं मांडावी लागते. फोल्डिंग ॲट होम हा प्रकल्प २००० सालापासून ते गणित जगभरच्या घरगुती संगणकांना वाटून देतो. २०२० मध्ये कोरोनाच्या विषाणूवर काम सुरू झालं, तेव्हा इतके संगणक जोडले गेले की त्यांची एकत्र ताकद एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या, पुढे गेली.

(दृश्य: टास्क मॅनेजर, बारा आलेख)

या प्रोसेसरचे सहा कोर, म्हणजे गणित करणारे भाग. प्रत्येकात दोन थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामाच्या दोन रांगा. असे बारा थ्रेड प्रकल्पाला दिलेले आणि बाराही आलेख माथ्याला टेकलेले. भरघोस दिसतं खरं, पण यात काम वाया जातंय. याच संगणकातलं ग्राफिक्स कार्डही प्रकल्पाचं काम करतंय. एनव्हिडियाच्या कार्डाला माहिती पुरवत राहायला प्रोसेसरचा जवळपास एक अख्खा थ्रेड लागतो. तो मोकळा नसला की कार्ड खोळंबतं. चांगलं कार्ड प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त काम उरकतं, त्यामुळे हा खोळंबा महागात पडतो. म्हणून एक थ्रेड आधी कार्डासाठी बाजूला.

उरले अकरा.

(दृश्य: रेणूंची पेटी, तिचे कापे पडताना)

प्रोसेसरवरचं गणित ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर करतं. रेणूंची पेटी कापून ते एकेका थ्रेडला एकेक खण देतं. बारा खण करायचे तर तीन, दोन, दोन असे तिन्ही दिशांनी काप घेता येतात. अकरा ही मूळ संख्या, म्हणून सगळे काप एकाच दिशेला आणि खण चिपाडासारखे पातळ. खणाची जाडी ठरावीक मर्यादेखाली गेली की ग्रोमॅक्स काम नाकारतं.

(दृश्य: लॉग, ओळी मोठ्या करून)

ग्रोमॅक्स चालवणाऱ्या, प्रकल्पाच्या जुन्या ‘ए-७ कोअर’ या प्रोग्रामचा हा लॉग, म्हणजे कामाची नोंद, बघा. तीनपेक्षा मोठी मूळ संख्या टाळायची म्हणून अकराचे दहा केले. दहामध्ये पाच आलाच, म्हणून दहाचे नऊ. म्हणजे आकडा आपणच नीट निवडलेला बरा: ज्याचे मूळ अवयव फक्त २ किंवा ३ आहेत, असा. ४, ६, ८, ९, १२, १६, १८, २४.

या संगणकाला आठ. एका कोरचे दोन थ्रेड गणिताचं तेच यंत्र वाटून घेतात, त्यामुळे सहाच्या पुढचा प्रत्येक थ्रेड भर घालतो ती थोडीच. उरलेल्यांत कार्ड आणि रोजची कामं निभावतात.

(दृश्य: सेटिंग बदलताना)

चालू वर्क युनिट, म्हणजे प्रकल्पानं पाठवलेला कामाचा तुकडा, अर्धवट असताना आकडा बदलू नका. आधी ‘फिनिश’ दाबा आणि ते पाठवून होऊ द्या. प्रकल्पाच्या प्रोग्रामच्या आवृत्ती ७ मध्ये कॉन्फिगर, मग स्लॉट्स, सीपीयूची (प्रोसेसरची) ओळ, एडिट. तिथे उणे एक असेल तर आकडा प्रोग्राम ठरवतो. तो पुसून ८ लिहा, ओके करा आणि शेवटी ‘सेव्ह’ दाबा. ‘सेव्ह’ राहून जातं आणि जुनाच आकडा चालू राहतो.

(दृश्य: टीपीएफचा रकाना)

आता टीपीएफ, म्हणजे कामाच्या एका टक्क्याला लागणारा वेळ. त्याला शंभरानं गुणलं की पूर्ण युनिटचा वेळ मिळतो. तो ‘टाइमआउट’च्या, म्हणजे युनिट परत पाठवायच्या मुदतीच्या, बराच आत हवा, कारण पुढचं युनिट याच निकालातून तयार होतं, उशीर झाला तर तेच काम दुसऱ्याकडे जातं.

तापमान चढून क्लॉक स्पीड, म्हणजे प्रोसेसरचा वेग, घसरत असेल तर आठाचे सहा करा. टीपीएफ मात्र त्याच प्रकल्पाच्या युनिटशी ताडून बघा. प्रकल्प बदलला की रेणूंची संख्याही बदलते.