स्टीव्हिया: कुंडीतलं पान आणि पाकिटातली पूड

(दृश्य: करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. काहिलीवर पिवळसर फेस.)

दिवाळीच्या आगेमागे इथली गुऱ्हाळं पेटतात. उसाचा रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस त्यात सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा जिल्ह्यात कुणाला ‘शुगर’ निघाली की डॉक्टरांना पहिला प्रश्न ठरलेला: "मग गूळ चालंल न्हवं?"

नाही चालत. रंग, वास, थोडी खनिजं सोडली तर गुळातही मुख्यतः साखरच. मग घरातलं कुणीतरी स्टीव्हिया आणतं, म्हणजे गोड पानांच्या एका झुडपापासूनची, साखरेऐवजी वापरायची पूड.

(दृश्य: राजारामपुरीतलं दुकान. हिरव्या पानाचं चित्र असलेली पाकिटं.)

हे झुडूप मूळचं पॅराग्वे आणि ब्राझीलकडचं. तिथले ग्वारानी लोक याची पानं पूर्वापार वापरत आले. गोडी येते ती पानातल्या स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्समुळे, आणि ती साखरेच्या साधारण २०० ते ३०० पट. भारतात २०१५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं परवानगी दिली ती या शुद्ध केलेल्या घटकांना. अमेरिकेतही सुरक्षित मानली जाते ती किमान ९५ टक्के शुद्ध पूड. नुसतं पान किंवा कच्चा अर्क तिथं गोडीसाठी मान्य नाही. पाकिटावरचं पान बघून आपण जे समजतो, त्याच्या नेमकं उलटं.

(दृश्य: तळहातावर फोडलेली पुडी.)

आता हिशेब करा. चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम. तेवढ्याच गोडीला शुद्ध स्टीव्हिया लागतं जेमतेम २५ मिलिग्रॅम. ते चिमटीतही धरता येणार नाही. म्हणून पुडीत भर घालतात: एरिथ्रिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज. यातल्या शेवटच्या दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. एरिथ्रिटॉलनं ती वाढत नाही, पण जास्त झालं तर पोट फुगतं, जुलाब होतात. नाव मात्र स्टीव्हियाचं खराब.

अन्नातल्या मिश्रणद्रव्यांची तपासणी करणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीनं (JECFA) रोजची मर्यादा घातली आहे: वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या (पोटात या गोड घटकांपासून सुटणाऱ्या द्रव्याच्या) हिशेबानं. ६० किलोच्या माणसाला दोन-चार कप चहातून तिथवर पोचणं अवघडच. मोठ्या मात्रेत दिल्यावर काही अभ्यासांत रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालावं, एवढंच. वजन उतरवायला म्हणून घेत असाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये तसं करू नका असं सुचवलंय. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

(दृश्य: शेताचा बांध, पांढऱ्या फुलांनी माजलेलं गाजरगवत.)

ॲलर्जीचा प्रश्न आपल्याकडे जरा जास्त जवळचा आहे. स्टीव्हिया सूर्यफुलाच्या कुळातलं. झेंडू, शेवंती त्याच कुळातली, आणि हे काँग्रेस गवतही. बांध भांगलताना ज्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत पुरळ उठतं, त्यांनी धास्तावणं साहजिक आहे. पण कुळ एक म्हणून ॲलर्जीही एक, असं होत नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात वापर सुरू झाल्यानंतरच्या काळात, आधीच त्वचेचा ॲटोपिक आजार (ॲलर्जीकडे झुकणारा, खाजरा इसब) असलेल्या काही मुलांना तीव्र प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत. शुद्ध पुडीबद्दल तसा भक्कम पुरावा पुढे मिळाला नाही.

तेव्हा गाजरगवतानं ज्यांचं अंग उठतं, त्यांनी कुंडीतली पानं चुरगाळून चहात टाकायची हौस तरी आवरावी. हल्ली रोपवाटिकेत हे रोप सहज मिळतं, आणि ‘घरचं आहे, काय होतंय’ म्हणून खपतंही.

(दृश्य: पाकिटाची मागची बाजू, बारीक अक्षरातली घटकांची यादी.)

खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर घेणं बंद करून डॉक्टरांना दाखवावं. घसा आवळला, धाप लागली तर वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठावा. जाताना पाकीट सोबत न्यावं. पुडीत स्टीव्हिया किती आणि भर कशाची, हे त्या मागच्या बाजूलाच छापलेलं असतं, आणि डॉक्टरांची चौकशी तिथूनच सुरू होते.