गाडी मागून पुढे बघा

नमस्कार, श्रोतेहो.

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? टायरला लाथ मारतो. त्यातून काय कळतं ते मला आजवर उमगलेलं नाही, पण मारतो खरा. मग स्टिअरिंगमागे जाऊन बसतो, बोनेट उघडायला लावतो, आत वाकून जाणत्यासारखी मान हलवतो. मीही हेच केलं होतं. घरात दोन वर्षांचं एक मूल, दुसरं येऊ घातलेलं, आणि मी पंधरा मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकत उभा! मागचं दार मी नीट उघडलं ते गाडी घरी आणल्यावर.

म्हणून आज उलट्या दिशेनं बोलतो. घरात लहान मुलं असतील आणि सेकंडहँड छोटी मिनीव्हॅन घ्यायची असेल, तर ती मागून पुढे बघत यायची. आधी डिकी, मग मधली रांग, मग दारं आणि इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, अगदीच वेळ आली तर बदलता येतं. मधली रांग अरुंद निघाली तर ती कुठलाही मेकॅनिक रुंद करून देत नाही.

आता छोटी मिनीव्हॅन म्हणजे नेमकं काय? साध्या मोटारीचाच सांगाडा, त्यावर उंच छप्पर आणि आत सरकणाऱ्या, दुमडणाऱ्या सीटा. रेनॉची सीनिक १९९६ साली आली आणि १९९७ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' ठरली, तेव्हापासून युरोपात या प्रकाराची लाटच आली. फियाटची मल्टिप्ला १९९८ ची: दिसायला बेडकासारखी, पण पुढे तीन आणि मागे तीन माणसं बसवणारी. १९९९ मध्ये ओपेलच्या झाफिरानं तिसरी रांग जमिनीतच दुमडून दाखवली. त्याआधी पुष्कळ गाड्यांतल्या सीटा उचलून बाहेर काढाव्या लागत, म्हणजे त्या ठेवायला घरात जागा आणि उचलायला धड पाठ, दोन्ही हवं. पुढे २००३ मध्ये फोक्सवॅगनची टूरान आली, मग सरकत्या दारांची माझदा ५. नंतर कंपन्या एसयूव्हीच्या मागे लागल्या आणि यातली पुष्कळ मॉडेलं बंद पडली. तेव्हा हा प्रकार हवा असेल तर बहुतेकांना जुन्या बाजाराची वाट धरावी लागते.

चला, डिकी उघडू. गाडी बघायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. घरातली बाबागाडी आणि मुलांना बसवायला गाडीत लावतात त्या छोट्या सीटा घेऊन जा. विकणारा हसेल, हसू दे. सगळ्या रांगा उभ्या करा आणि बाबागाडी आत घाला. सातजणांची छोटी मिनीव्हॅन म्हणतात तिच्यात सातजण बसले की डिकीत वीतभर जागा उरते. सात माणसं आणि सातांचं सामान हे गणित या मापाच्या गाडीत जमत नाही. वजनाचंही तेच. माणशी ७५ किलो धरले तरी सातांचे ५२५ किलो होतात. दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की खरी क्षमता कळते.

मग डिकीचा गालिचा उचला. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, अगदी तळाशी. मी घातला नव्हता. आमच्या पहिल्या गाडीत सुगंधाची बाटली लटकवलेली होती आणि मला ते विकणाऱ्याच्या टापटिपीचं लक्षण वाटलं. आठवड्यात बाटली संपली आणि ओल्या सतरंजीचा वास यायला लागला. स्टेपनीखाली तळहाताएवढं खोल पाणी साचलेलं! मागच्या दिव्याचं रबर चिरलं होतं, त्यातून प्रत्येक पावसाला धार आत. रबर चुटकीसरशी बदललं, पण खड्ड्याचा पत्रा तोवर गंजला होता. तेव्हापासून गाडीत सुगंध दरवळला की मी आधी गालिचा उचलतो.

आता मधली रांग. इथे माझा सगळा जीव अडकलेला आहे, तेव्हा जरा थांबतो.

दोन मुलांच्या सीटा बहुतेक गाड्यांत मावतात. तीन लावायच्या असतील तर जाहिरातीवर विसंबू नका, टेप घेऊन जा. मधली रांग दोन तऱ्हेची असते. एकीत तीन स्वतंत्र, सारख्या रुंदीच्या खुर्च्या. दुसरीत सलग बाक, ज्यातली मधली जागा नावापुरती. मला स्वतंत्र खुर्च्याच पटतात. प्रत्येक खुर्ची वेगळी पुढेमागे सरकते, रडणाऱ्याला जवळ ओढता येतं आणि लाथा मारणाऱ्याला लांब ढकलता येतं. मात्र स्वतंत्र खुर्च्या असूनही तीन सीटा शेजारीशेजारी बसत नाहीत असं होऊ शकतं, कारण सीटबेल्टच्या पट्ट्याचं कुलूप शेजारच्या सीटखाली दबतं. ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आयसोफिक्स शोधा, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायची जागा. सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाला, लोखंडी आडवे दांडे हाताला लागले पाहिजेत. या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १३२१६, हे १९९९ मधलं. त्यामुळे त्या सुमाराच्या गाड्यांत ते असेलच असं नाही आणि नंतरच्याही पुष्कळ गाड्यांत ते फक्त मधल्या रांगेच्या कडेच्या दोन जागांना असतं. तिसऱ्या रांगेत तर बहुधा नसतंच.

अगदी लहान मूल मागे तोंड करून बसतं. नवजात बाळाच्या एकूण उंचीचा जवळपास चौथा भाग डोक्याचा असतो आणि मान तेवढी तयार झालेली नसते. गाडी समोरून धडकली की मागे तोंड असलेल्या बाळाचा भार सीटची पाठ घेते, मानेवर येत नाही. मुलांच्या सीटांसाठीचा युरोपातला आर १२९ हा नियम २०१३ पासून आला, त्याप्रमाणे निदान पंधरा महिन्यांपर्यंत असंच बसवायचं. पण अशी सीट लांबीला भरपूर जागा खाते. ती लावल्यावर पुढच्या सीटवर घरातलं सगळ्यात उंच माणूस बसवून बघा. गुडघे डॅशबोर्डला टेकले तर दुसरी गाडी बघा. आणि मागे तोंड असलेली सीट पुढे लावायची वेळ आलीच, तर समोरची एअरबॅग बंद करता यायलाच हवी. चालू एअरबॅगपुढे ती सीट लावणं जिवावर बेतू शकतं.

आणखी एक गोष्ट, जी मला दुसऱ्या गाडीच्या वेळी कळली. या गाड्यांत पायाखाली झाकणाचे कप्पे असतात. खेळणी, बूट ठेवायला झकास. पण मुलांच्या पुष्कळ सीटांना जमिनीवर टेकणारा पाय असतो आणि तो पाय नेमका त्या झाकणावर येतो. अपघातात झाकण खचलं तर पायाला आधार काय राहिला? काही कंपन्या कप्प्यात बसवायचा ठोकळा देतात, काही सीटा अशा जागी चालतच नाहीत. सीटच्या पुस्तिकेत चालणाऱ्या गाड्यांची यादी असते. आपल्याला हवी ती गाडी तिच्यात आहे का, हे गाडी बघायला निघण्याआधीच पाहून ठेवा.

पट्टे पूर्ण बाहेर ओढा आणि सोडा, सरसर आत गेले पाहिजेत. कुलपात बिस्किटाचा चुरा अडकलेला असतो, तो निघतो. बाकी मुलांच्या गाडीत खडूच्या रेघा, सीटच्या पाठीवर बुटांचे ठसे दिसले तर मला बरंच वाटतं. ती गाडी तिच्या कामासाठी वापरली गेली आहे. आतून फार चकाचक दिसली की मी सावध होतो.

दारं. सरकतं दार अरुंद जागेत गाडी लावल्यावर देवासारखं वाटतं. मूल दार धाडकन उघडून शेजारच्या गाडीवर आपटत नाही आणि झोपलेल्याला उचलून ठेवताना कंबर कमी वाकते. पण त्याला रूळ, चाकं आणि रबर असतं, आणि विजेवर चालत असेल तर मोटर आणि तारही. दार दहा वेळा उघडा-मिटा. गाडी चढावर उभी करूनही एकदा उघडा, कारण सपाटीवर गोड वागणारं दार उतारावर आपला खरा स्वभाव दाखवतं. रूळाच्या कडेला बोट फिरवा, गंज तिथूनच सुरू होतो.

आता इंजिन, थोडक्यात. गाडी गार असताना सुरू करायला सांगा. आपण पोचण्याआधीच बोनेट गरम असेल, तर का गरम आहे ते विचारा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या भागांचा ताल जुळवणारा पट्टा, कधी बदलला त्याची पावती मागा. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. 'बदललाय हो' या उत्तराला पावतीची किंमत नसते. टायरच्या कडेवर 'डॉट' या अक्षरांपाशी चार आकडे असतात: ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं.

डिझेल की पेट्रोल, हे तुमच्या रोजच्या धावेवर ठरवा. नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ती सलग लांब धावल्यावर मिळते. शाळा, दुकान, पाळणाघर अशा दहा दहा मिनिटांच्या फेऱ्यांत फिल्टर तुंबत जातो. लहान मुलांच्या घराची धाव बहुतेक अशीच असते, तेव्हा पेट्रोलची गाडी बघितलेली बरी. किलोमीटरचा आकडा कमी आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं तर पॅडलवर विश्वास ठेवा.

चालवून बघताना सगळं कुटुंब सोबत घ्या. एकट्यानं चालवलेली व्हॅन आणि भरलेली व्हॅन या दोन वेगळ्या गाड्या असतात. भरल्यावर मागून खचते का, गतिरोधकावर ठक्क आवाज येतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना कटकट ऐकू येते का, एसीची हवा मागच्यांपर्यंत पोचते का. हे शेवटचं मागे बसलेलेच सांगतील.

कागदपत्रांवरचा सतरा अक्षरी चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही आहे का ते कळतं. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्यातल्या काही अजून तशाच फिरत आहेत. सुरक्षेसंबंधीचं असं काम साधारणपणे फुकट होतं. ते झालेलं नसेल, तर ते करून दे मग बोलू, असं विकणाऱ्याला सांगायचं.

आमची दुसरी गाडी घेताना मी दोन्ही मुलांच्या सीटा खांद्यावर टाकून गेलो. त्या लावायला मला वीस मिनिटं लागली, घाम फुटला, विकणारे काका कंटाळून चहा पिऊन परत आले. थोरली मधल्या रांगेत बसली, खिडकीतून बाहेर दिसतंय म्हणाली आणि उतरायला तयार होईना. बोनेट त्यानंतर उघडलं.

नमस्कार.