भुलीचा वायू जातो कुठे?

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला की आधी विचारतो, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आजारी माणसांना, बाळंतिणींना बोटीतून काढावं लागलं.

हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जादा वाफ मावते, म्हणून पाऊस आता असा एकदम कोसळतो. आणि हवा तापवणाऱ्या वायूंमधला जवळपास ५ टक्के वाटा जगभरातल्या आरोग्यसेवेचा आहे. मनाला लागतं हे. पुरातून सुटलेला माणूसही शेवटी दवाखान्यातच आणतात ना!

म्हणून दवाखान्यातल्या भुलीच्या वायूंचं काय होतं ते बघायला आलोय शेजारच्या मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं; आजही कर्नाटकातून पेशंट मिरज गाठतात.

ही ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. भुलीच्या मशीनवर दोन व्हेपोरायझर, म्हणजे भुलीच्या द्रवाची वाफ करणारी उपकरणं, दिसतायत. पिवळा सेव्होफ्लुरेनचा, निळा डेसफ्लुरेनचा. या वायूंचा अगदी थोडा अंश शरीरात मुरतो. बाकीचा पेशंटच्या श्वासातून जसाच्या तसा परत येतो आणि भिंतीतल्या नळीतून बाहेर सुटतो. एक किलो डेसफ्लुरेन शंभर वर्षांत सुमारे २,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो. सेव्होफ्लुरेन त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आता भूलतज्ज्ञांचा हात बघा. पेशंटला भूल चढली, मॉनिटर पाहिला आणि त्यांनी फ्लो, म्हणजे मशीनमध्ये येणारा ताजा वायू, मिनिटाला एक लिटरच्या खाली आणला. मशीनमधले सोडालाइमचे पांढरे खडे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषतात. उरलेला वायू फिरून पेशंटकडेच जातो. भूल तेवढीच, औषध मात्र कितीतरी कमी. हे कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात जमण्यासारखं आहे. नवी इमारत नको, की मोठं अनुदान नको.

मागच्या बाजूला मॅनिफोल्डची खोली, जिथून सिलिंडरमधला वायू पाइपलाइनमध्ये सोडतात. निळी सिलिंडरं नायट्रस ऑक्साइडची, हाही भुलीसाठीच वापरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो आणि शंभरावर वर्षं हवेत राहतो. लांबच लांब पाइपलाइनच्या सांध्यांतून तो रात्रंदिवस झिरपू शकतो, पेशंटपर्यंत पोचायच्या आधीच.

टेक्निशियन पाना लावून मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात. उद्या सहा ऑपरेशनं आहेत. भुलीच्या मशीनच्या पाठीला नायट्रसचं एक छोटं सिलिंडर अडकवून ठेवलंय, लागलं तरच उघडायचं.